पाठ दुखते हे म्हणायचं कुणी

दोस्तांनो, आधी माझी चूक सांगतो, मग बाकीचं.

गेल्या डिसेंबरात सहा तारखेची तयारी चालली होती. दादरला पुस्तकांचा स्टॉल लावायचा होता. पुस्तकांचे खोके दोरीनं बांधून भिंतीला लावलेले. खोके गाडीपर्यंत कुणी न्यायचे असा विषय निघाला आणि काही न बोलता सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडं वळल्या. हा आपला मित्र बाजार समितीत हमाली करतो. दरवर्षी खोके तोच उचलतो. दरवर्षी स्टॉलमागं उभं राहून पुस्तकांवर बोलतात ते दुसरे.

तो म्हणाला, "अवंदा मला धरू नका. पाठ धरलीया."

एक जण म्हणाला, "बाबासाहेब अठरा-अठरा तास बसून वाचायचे. त्यांची नसंल दुखली पाठ?"

सगळे हसले. मीही हसलो. तो हसला नाही. चपला घातल्या आणि गेला. खोके मग आम्ही चौघांनी धडपडत नेले आणि दोन फोडले.

त्या हसण्याचा हिशोब मला करायचा आहे. कारण हसणारा मी कोण? ऊसतोड्याच्या पोटचा. माझं अर्धं बालपण पाठी बघण्यात गेलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यात. दिवाळी झाली की टोळी निघायची, कोल्हापूर-सांगलीकडं उतरायची, उन्हाळा लागला की परत. मायबाप मिळून एक कोयता. दोन माणसं, पण हिशोबाच्या वहीत एकच नग आणि त्याला नाव हत्याराचं. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खाल्लेली असायची. मग हंगामभर ती पाठीनं फेडायची.

ऊस तोडताना माणूस कमरेतून का वाकतो, हे मला लहानपणी वाटायचं निसर्गाचंच असेल. तसं नाही. उसाच्या बुडख्यात साखर जास्त असते, शेंड्याकडं कमी. म्हणून तोड जमिनीलगत पाहिजे. वर हातभर बुडखा ठेवला तर मालक ओरडतो, कारखाना ओरडतो. म्हणजे माझ्या मायची कंबर जिथं वाकते ती जागा साखरेनं ठरवलेली आहे. त्यात काम सुरू पहाटे, चारला, अंधारात. आता मला माहीत झालंय की रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात आणि उठल्यावरचा पहिला तास खोल वाकायला सगळ्यात वाईट. आमची माय त्याच तासात फडात शिरायची.

तोडून झालं की मोळी. मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकवर चढायचं. हे काम बहुतेक बायांचं. बाप वर उभा राहून रचायचा. मोळीचं वजन कुणी करत नाही. वजन ट्रकचं होतं, काट्यावर. पैसे टनावर. एक दिवस पडून राहिलं तर खाडा. आमच्या टोळीत एका खाड्याला पाचशे रुपये धरायचे. म्हणजे मजुरी तर बुडालीच, वर दंड.

एवढं असून "पाठ दुखते" हे वाक्य मी मायच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तिच्याजवळ दुसरे शब्द होते. अवघडलंय. उसण भरलीय. अंग मोडून आलंय. चमक निघतीय. हे सगळे शब्द असे की दुखणं वाऱ्यासारखं कुठून तरी आलं आणि अंगात शिरलं. त्यात ओझं नाही, खाडा नाही, मुकादम नाही. शब्दात कारण नसलं की इलाजही तसलाच होतो. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा. जो पायाकडून जन्मला त्यानं कमरेवर लाथ मारली की उसण जाते म्हणतात. आमच्या टोळीत एक पायाळू पोरगा होता, माझ्याएवढाच. संध्याकाळी बाया त्याच्यापुढं पालथ्या पडायच्या आणि तो लाथा घालायचा. आज आठवलं की हसू येतं आणि मग येत नाही. दिवसभर मोळ्या वाहून संध्याकाळी औषध काय, तर लाथ.

कुणी बिब्बा घालायचं, कुणी वीट तापवून शेकायचं. शेकानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ते खरं आहे. जरा पैसा असला तर तालुक्याच्या डॉक्टरकडं इंजेक्शन. तिथून एक नवा शब्द फडावर आला, "मणक्यात गॅप". आता अर्ध्या टोळीला गॅप आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, चौकशी समिती बसली, ते तुम्ही वाचलं असेल. ओटीपोट दुखतं, कंबर दुखते म्हणून बाई गेली आणि पिशवी काढून आली. दुखणं एकीकडं, सुरी दुसरीकडं. आणि पंधरा दिवसांनी परत डोक्यावर मोळी.

मी शाळा सोडून इकडंच राहिलो. आता इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत बदलीवर आहे. नाव सांगत नाही, सांगून बदली जाईल. लोकांना वाटतं गिरणी म्हणजे छपराखालचं काम. पण मला पहिली दोन वर्षं आवारात ठेवलं होतं, उन्हात, ट्रक खाली करायला. रुईची एक गाठ १७० किलोची. ती गाठ चौघांनी लोळवायची, आकड्यानं ओढायची. सुताची पोती एकट्यानं. एका मे महिन्यात पोतं उचलून तसंच कमरेतून वळलो आणि आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. तिथंच बसलो. उठता येईना.

गिरणीच्या डॉक्टरनं भिंतीवरचं चित्र दाखवलं. चित्रात एक गोरा माणूस गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून खोका उचलतोय. खाली लिहिलेलं, योग्य पद्धतीनं उचला. डॉक्टर म्हणाला, "तू चुकीचं उचललंस."

तेव्हा मान हलवली. पण रात्री झोप येईना, दुखण्यानं आणि त्या वाक्यानंही. मी चुकीचं उचललं, बरोबर. मग पोतं पन्नासचं केलं कुणी? दिवसाला एवढे ट्रक खाली झालेच पाहिजेत हे ठरवलं कुणी? त्याचं चित्र कुठल्या भिंतीवर आहे?

नंतर वाचून कळलं ते सांगतो. अमेरिकेतल्या नायॉश नावाच्या सरकारी संस्थेनं १९९१ साली उचलण्याचं सूत्र मांडलं. ओझं अंगाजवळ आहे, कमरेच्या आसपासच्या उंचीवर आहे, वळायचं नाही, घाई नाही, पकड चांगली आहे, असं सगळं म्हणजे सगळं नीट असेल तरी वजन २३ किलो. ओझं खाली असलं, लांब असलं, कमरेतून वळावं लागलं की आकडा अजून खाली येतो. आपल्याकडं सिमेंटची गोण ५० ची. हमालांच्या संघटना वर्षानुवर्षं भांडल्या तेव्हा कुठं बाजारातलं क्विंटलाचं पोतं पन्नासवर आलं. त्या भांडणातूनच १९६९ चा माथाडी कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३४ वं कलम होतं, की इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला लावू नये. फडाला मात्र तेवढाही कागद नाही. तिथं मोळी बांधणाऱ्याच्या दोरीएवढी.

म्हणजे गुडघे वाकवायला मी शिकेन, पण गुडघे वाकवून पन्नासचे तेवीस होत नाहीत.

आता इथं एक घोळ आहे, तो लपवत नाही. हे सगळं कळल्यावर मी काही दिवस भिंतीवरच्या चित्राला शिव्या देत फिरलो. उचलण्याची पद्धत म्हणजे मालकाची लबाडी, असं ठरवून टाकलं. आपल्यातला एक शिकलेला मित्र तर म्हणाला, "पाठ सांभाळणं म्हणजे मालकाचं हत्यार आपणच धार लावून देणं." वाक्य मला फार आवडलं. कवितेत घालणार होतो. मग दुसऱ्यांदा पाठ गेली आणि सहा दिवस संडासला बसता येईना, तेव्हा ते वाक्य कामाला आलं नाही.

ही पाठ मालक भाड्यानं घेतो आठ तास. बाकीचे सोळा तास ती माझीच असते. पोराला खांद्यावर घ्यायला तीच, मोर्चात चालायला तीच. म्हणून सांभाळायची ते मालकासाठी नाही. जे उपयोगी आहे ते सांगतो. यात क्रांतीबिंती काही नाही.

ओझं अंगाला चिकटून धरा. हेच मुख्य. कळशी कडेवर घेतली तर मैलभर जाते, तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा उतरतो. पाठीचं गणित तेच आहे, ओझं जितकं पुढं तितका कमरेवर ताण वाढतो. वळायचं तर पाय वळवा. उचलता उचलता कमरेतून पिळू नका, माझी त्यातच गेली. पोतं जमिनीवरून घेण्यापेक्षा थप्पीच्या कमरेएवढ्या थरावरून घ्या, नसेल तर दोघांनी घ्या. दोघांनी उचलण्यात मर्दानगी जात नाही. उसण भरली तर एक-दोन दिवस दम घ्या, पण खाट धरून आठवडे पडून राहू नका, हळूहळू चालायला लागा. बहुतेक पाठी काही आठवड्यांत आपणहून वळणावर येतात. मणक्याच्या फोटोत गॅप दिसला म्हणून हाय खाऊ नका, ज्यांचं काही दुखत नाही त्यांच्याही फोटोत असलं बरंच दिसतं. कमरेच्या पट्ट्यावर पैसे घालण्याआधी हेही ऐका, की धडधाकट कामगाराला पट्टा इजेपासून वाचवतो याला पुरावा नाही, असं त्याच नायॉशनं १९९४ साली सांगितलं. आणि मेडिकलवाल्याच्या लाल-पिवळ्या गोळ्या रोज खाऊ नका. उन्हातलं काम, पाणी कमी, वर रोजची वेदनाशामक गोळी, यात पाठीबरोबर किडनी जाते. पोट जाळतं ते वेगळंच. एक मात्र डोक्यात ठेवा. पायातली ताकद जायला लागली, दोन मांड्यांमध्ये बधिर वाटलं, लघवी-संडासचं भान सुटलं, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. उद्या नाही. पायाळू तर नाहीच.

हे सगळं शिकून घेणं आपलं काम. पण हेच शिकवून कुणी म्हणालं की झालं, आता दुखलं तर तुझी चूक, तर तिथं हात धरायचा.

वाकणं ठरवतं कोण, याचा एक किस्सा कॅलिफोर्नियातला आहे. तिथल्या शेतात मेक्सिकन मजुरांना हातभर दांड्याचं खुरपं देत, बीटला आणि सॅलडच्या पाल्याला. दिवसभर कमरेतून दुमडून. मालक म्हणायचे, लांब दांड्यानं काम नाजूक होत नाही, रोप तुटतं. मजूर म्हणायचे, खरं कारण वेगळंय. दांडा आखूड असला की जो पाठ सरळ करतो तो लांबून दिसतो. मुकादमाला हिंडावं लागत नाही, नुसतं बघितलं की कळतं कोण थांबलाय. मजुरांनी वकील गाठले, डॉक्टरांच्या साक्षी काढल्या आणि १९७५ साली ते आखूड खुरपं बंद करायला लावलं. दांडा लांब झाला, बस्स एवढंच. पण तोपर्यंत किती पिढ्यांना सांगितलं गेलं असेल की ही माणसं बुटकी, यांना वाकायची सवयच असते.

आपल्याला काय सांगितलं गेलं? की ही माणसं सोशीक. शाळेत गुरुजी माझं कौतुक करायचे, "पोरगं सोशीक आहे." हा शब्द नीट बघा. कुणाला म्हणतात सोशीक? बाईला, बैलाला, गड्याला. सावकाराला सोशीक म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही. सोसणं हा गुण ज्यानं ठरवला त्याला स्वतःला कधी सोसावं लागलं नव्हतं.

मुंबईच्या जुन्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपलं तोंड लागलेला धागा दुसऱ्याला बाटवायचा. पण त्याच गिरणीच्या दारातली ओझी आपल्या पाठीवरून आत जायला हरकत नव्हती. तोंड बाटतं, पाठ बाटत नाही. म्हणून तोंड बंद ठेवलं आणि पाठ वापरली. पाठ दुखते हे म्हणायला तोंड लागतं, दोस्तांनो.

महारवतनाचंही तेच. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं, सरकारी टपाल, अंमलदाराचं सामान, मैलोनमैल. आणि वतनदार आजारी पडला तर? सुटका नाही. बाप नाहीतर भाऊ, घरातल्या कुणीतरी त्याच्या जागी उभं राहायचं. बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात वतनाचं बिल आणलं. वतनं प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्यानं. म्हणजे आजा आजारी पडायचा तेव्हा त्याला स्वतःच्या दुखण्याआधी ही काळजी, की आता पोराला जावं लागणार. तो दुखणं बोलणारच कसा? मायची गत तीच. ती पडली तर कोयता अर्धा होतो, बाप एकटा पडतो, खाडा लागतो. आपलं दुखणं बोललं की ते घरच्याच दुसऱ्या पाठीवर जातं, म्हणून आपण बोलत नाही. आणि याला लोक सोशीकपणा म्हणतात.

आता बुद्धाकडं येतो. मी पाली शिकलेलो नाही, मराठीतून वाचलं. कपिलवस्तूला शाक्यांनी नवं सभागृह बांधलं होतं. तथागत तिथं रात्री उशिरापर्यंत बोलले. मग आनंदाला म्हणाले, पुढचं तू सांग, माझी पाठ दुखते, मी जरा आडवा होतो. चीवराची चौपदरी घडी करून उजव्या कुशीवर पडले. पावा नगरीत मल्लांच्या सभागृहातही असंच, तिथं सारिपुत्ताला सांगितलं. दोन्ही ठिकाणी ते बोलणं झाल्यावर उठले आणि म्हणाले, चांगलं सांगितलंस.

हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. भरल्या सभेत, राजेलोकांसमोर, माझी पाठ दुखते. लाज नाही, आणि हे मागच्या जन्माचं पाप आहे असलं कारणही नाही. अट्ठकथेत कारण दिलंय ते असं, की सहा वर्षं जी खडतर तपश्चर्या केली तिनं ती पाठ गेली होती. म्हणजे शरीराला छळून ज्ञान मिळतं हा खेळ त्यांनी स्वतः खेळून बघितला, सोडून दिला, आणि त्याची खूण पाठीत आयुष्यभर राहिली. आणि आपण काय करतो? बाबासाहेबांचे अठरा तास एकमेकांच्या पाठीवर मारतो. १९४८ नंतर बाबासाहेबांचे पाय किती दुखायचे, मधुमेहानं काय हाल केले, ते माहीत असून. कामाचे तास चोपन्नावरून अठ्ठेचाळीस व्हावेत म्हणून मजूरमंत्री असताना झटलेला माणूस तो. त्याचे तास आपण मुकादमासारखे मोजतो.

पण मला त्या गोष्टीत आनंद जास्त दिसतो. तथागत आडवे होऊ शकले, कारण पुढचं सांगायला आनंद होता. वतनातही बदली होती, गिरणीतही बदली आहे, मीच बदली आहे. मग फरक काय? वतनात आजाऱ्याच्या जागी जाणारा हुकमानं जायचा आणि आजारी माणूस त्याचा अपराधी व्हायचा. कपिलवस्तूत काम हातातून हातात गेलं आणि सभा मोडली नाही. खाडा कुणाला लागला नाही. संघ म्हणजे काय, याच्या व्याख्या आपण अभ्यासवर्गात पाठ करतो. माझ्यापुरती मला एवढी कळली, की जिथं एकाला आडवं होता येतं.

मग आपल्या त्या खोलीत त्या दिवशी संघ होता का? खोके उचलायला हमाल, बोलायला पदवीधर. ही वाटणी आपण कुठून आणली? कुणी ठरवली नव्हती, खरंय. जातही कुठं कुणी मीटिंग घेऊन ठरवली होती?

मी त्याच्या घरी गेलो. आधी चहा झाला, मग मी म्हणालो, "चुकलो." तो म्हणाला, "पाठीचं काय न्हाय रं. पण तिथं दहा वर्सं येतोय, एकबी पुस्तक माझ्या हातानं कुणाला दिलं न्हाय." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. या सहा डिसेंबरला स्टॉलवर तो बसणार आहे आणि खोके आळीपाळीनं सगळ्यांनी न्यायचे ठरलंय, दोघांनी एक. पदवीधरांनीसुद्धा. बघू.

मायला फोन केला होता. सांगलीकडं टोळी उतरली होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज. मी पहिल्यांदाच सरळ विचारलं, "माय, पाठ दुखती का?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दुखती की."

मी म्हणालो, "मग उद्या पड जरा."

"खाडा तू भरतूस का?"

भरतो म्हणालो. पाचशे पाठवले. ती दुसऱ्या दिवशी पडली का, ते बापाला विचारायचं राहिलं.